पॉलिश केलेल्या 'संगमरवरी' पायरीत शंख दिसतोय, मग हा संगमरवर कसा?

मृण्मयी_स

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतेच. मी जिथे कामाला जाते तिथल्या जिन्याला फिकट पिवळट रंगाचा चकचकीत दगड बसवलाय, सगळे त्याला संगमरवर म्हणतात. लिफ्ट बंद होती म्हणून गेला आठवडाभर जिन्याने ये-जा चाललीये, आणि दुसऱ्या मजल्याच्या जरा खाली एका पायरीत मला एक वेटोळं दिसलं, तळहाताएवढं, गोगलगायीच्या शंखासारखं पण आत पडदे पडदे असलेलं. आता रोज तिथे थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

शाळेत शिकलेलं एवढंच आठवतंय की संगमरवर हा रूपांतरित खडक, उष्णता आणि दाबाने तयार होतो. मग एवढ्या उष्णतेत शंख टिकला कसा? शिवाय त्याच पायरीत एक काळपट दातेरी रेघ आहे, ईसीजीच्या कागदावर असते ना तशी वरखाली जाणारी. तडा म्हणावा तर नखाला काहीच लागत नाही. तिथे फोटो काढायची परवानगी नाहीये, त्यामुळे विचाराल ते बघून येऊन सांगेन.

टेकडीवरचा

शंभर टक्के जीवाश्म आहे! भारी. दगडधोंडे सरांना हाक मारतो, त्यांचा विषय आहे.

दगडधोंडे

मृण्मयीताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे. शंख स्पष्ट दिसतोय म्हणजे भूशास्त्राच्या भाषेत तो संगमरवर नाही, ती चुनखडी आहे, पॉलिश चांगलं घेणारी घट्ट चुनखडी.

थोडं मागून सांगतो. उथळ, उबदार, स्वच्छ समुद्रात प्रवाळ, शिंपले, शंख आणि फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव आपापली कवचं कॅल्शियम कार्बोनेटची बांधतात, मेल्यावर ती तळाशी साचतात, काहींचा भुगा होतो, काही अख्खी राहतात, आणि वरच्या थरांच्या ओझ्याने नि पाण्यातून नंतर जमलेल्या कॅल्साइटने (म्हणजे स्फटिकरूपातल्या कॅल्शियम कार्बोनेटने) हे सगळं चिकटून दगड होतो. सगळी चुनखडी कवचांचीच असते असंही नाही, बहामाच्या उथळ पाण्यात आजसुद्धा एखाद्या कणाभोवती लाटांमध्ये गडगडताना कार्बोनेटचे पापुद्रे चढत जातात आणि मोहरीपेक्षा लहान गोल गोळ्या तयार होतात, त्यांना उओइड म्हणतात, त्यांचीही चुनखडी होते. डोव्हरचे पांढरे कडे हा तिसरा प्रकार, तिथला खडू म्हणजे कोकोलिथ नावाच्या सूक्ष्म चकत्यांचा ढीग. एका खडूच्या रेघेत त्या किती असतील ते मोजायलाही सूक्ष्मदर्शक लागेल.

आता हीच चुनखडी जमिनीत खोल गेली, किंवा शेजारी शिलारस घुसला, की तापते. वितळत नाही, हे महत्त्वाचं. घट्टच असते पण आतले कॅल्साइटचे कण पुन्हा जुळायला लागतात, मोठे कण लहानांना खाऊन वाढतात आणि शेवटी एकमेकांत गच्च अडकलेल्या स्फटिकांची विण तयार होते. म्हणून खरा संगमरवर फोडला तर ताज्या तुकड्यावर साखरेच्या दाण्यांसारखी चमचम दिसते. या सगळ्यात शंखाची भिंत कुठली आणि भोवतीचा गाळ कुठला हा फरकच उरत नाही, कारण दोन्ही कॅल्साइटच होते. कमी तापलेल्या संगमरवरात कधीकधी ताणलेले पुसट आकार सापडतात, पण तुम्ही सांगताय तसे आतले पडदे मोजता येतील इतका शंख नाही टिकत.

आणि ती ईसीजीसारखी रेघ वाचून मला फारच आनंद झाला. तो तडा नाही. तिला स्टायलोलाइट म्हणतात. दगडावर दाब येतो तेव्हा एखाद्या पातळीवर कॅल्साइट हळूहळू विरघळत जातो, सगळीकडे सारखा नाही, म्हणून वरचा नि खालचा भाग एकमेकांत दातांसारखे घुसतात. कॅल्साइट निघून जातं, न विरघळणारी माती नि सेंद्रिय मळ मागे राहतो, तीच काळी रेघ. ते दात जितके उंच तितका, कमीत कमी, दगड तिथे नाहीसा झालाय असं समजा. तुमच्या पायरीत दात किती उंच आहेत?

मृण्मयी_स

बापरे, म्हणजे त्या रेघेत दगड हरवलाय? उद्या पट्टी घेऊन जाते.

शर्वरी_प

धागा वाचतेय आणि बाजूला लिहूनही घेतेय. पण सर, मग याला संगमरवर म्हणणं ही फसवणूक झाली का? आमच्याकडे घराचं काम करताना 'मार्बल' म्हणून जे काही दाखवलं त्यातल्या निम्म्यात शिंपल्यांचे तुकडे होते.

दगडधोंडे

फसवणूक म्हणणार नाही मी. दगडाच्या व्यापारात पॉलिश घेतो तो मार्बल, हा अर्थ भूशास्त्रापेक्षा कितीतरी जुना आहे. संगमरवर शब्द फारसीतून आला, संग म्हणजे दगड, आणि मर्मर हा ग्रीक मार्मारोसचा नातेवाईक, ज्याचा अर्थच चमकणारा दगड. ग्रीकांना तो कसा तयार झाला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, चमकतो म्हणून ते नाव. रूपांतरित खडकालाच मार्बल म्हणायचं हा नियम आपण खूप नंतर केला. बोत्तिचिनो नावाने विकला जाणारा इटालियन दगड चुनखडीच आहे, आणि हिरवा मार्बल म्हणून जे मिळतात त्यातले पुष्कळसे सर्पेंटिनाइट असतात, म्हणजे कार्बोनेटसुद्धा नाहीत.

मला खटकतं ते वेगळं. शंख दिसला की लोक म्हणतात 'हा अस्सल नाही', जणू चुनखडी म्हणजे कच्चा राहिलेला संगमरवर. तसं नाहीये. संगमरवरात स्फटिक सुंदर असतात पण समुद्र पुसला गेलेला असतो. चुनखडीत समुद्र तसाच आहे. मला विचाराल तर मी शंखाची पायरी निवडीन.

केदारनाना

एक बाळबोध शंका. चुनखडी भट्टीत घातली तर चुना होतो, वायू निघून जातो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. मग जमिनीच्या पोटात तापल्यावर तिचा चुना का होत नाही? संगमरवर का होतो?

दगडधोंडे

नाना, ही बाळबोध अजिबात नाही, याच शंकेवर अठराव्या शतकाच्या शेवटी मोठा वाद झाला होता.

भट्टीत ९०० अंशांच्या आसपास चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो, १०० किलो शुद्ध कॅल्साइटमागे ४४ किलो वायू, आणि मागे चुनकळी राहते. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन म्हणत होते की जमिनीखालच्या उष्णतेने दगड घडतात, तर विरोधकांनी हेच विचारलं की मग चुनखडीचा चुना का झाला नाही? हटन म्हणाले वरचा दाब वायूला सुटू देत नाही. पण त्यांनी प्रयोग केला नाही, भट्टीतल्या खेळावरून पृथ्वीबद्दल बोलणं त्यांना पटतच नव्हतं. १७९७ मध्ये ते गेले आणि त्यानंतर त्यांचे मित्र सर जेम्स हॉल यांनी काम हातात घेतलं. खडूची भुकटी बंदुकीच्या नळीत ठासून भरायची, तोंड पक्कं बंद करायचं आणि नळी भट्टीत तापवायची. वायूला जायला वाट नाही. नळी गार झाल्यावर आत भुकटीच्या जागी घट्ट दगड निघाला, काही वेळा संगमरवरासारखा स्फटिकी. १८०५ मध्ये त्यांनी हे एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. बंदुकीची नळी! मला हा प्रयोग भूशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी वाटतो.

आणि जमिनीत मुळात एवढं तापावंही लागत नाही. इटलीतल्या काराराचा प्रसिद्ध पांढरा संगमरवर घ्या, मूळ चुनखडी ज्युरासिकच्या सुरुवातीची, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीची, आणि तिचा संगमरवर झाला तो पर्वत उभा राहताना, साधारण २.७ कोटी वर्षांपूर्वी, तापमान ४०० अंशांच्या आसपास. भट्टीच्या निम्म्याहून कमी, पण वेळ लाखो वर्षांचा.

मात्र चुनखडीत वाळू म्हणजे क्वार्ट्झ मिसळलेलं असेल आणि उष्णता पुरेशी असेल तर वायू सुटतोसुद्धा, कॅल्साइट आणि क्वार्ट्झ मिळून वोलास्टोनाइट नावाचं खनिज होतं. संगमरवरातले रंग असेच भेसळीतून येतात. लोखंडाने तांबूस-पिवळा, ग्रॅफाइटने राखाडी. मूळ चुनखडीत मॅग्नेशियम असेल तर फोर्स्टेराइट नावाचं खनिज तयार होतं आणि त्याचं पुढे सर्पेंटाइन हे हिरवं खनिज झालं की हिरव्या लहरी.

टेकडीवरचा

मॅग्नेशियमचं नाव निघालंय तर माझं पण सांगतो. ट्रेकला गेल्यावर मी ड्रॉपरमध्ये पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवतो, चुनखडीवर थेंब टाकला की फसफसतं. मागे एकदा हुबेहूब चुनखडीसारखा करडा दगड मिळाला, थेंब टाकला, काहीच नाही. सुरीने ओरखडा काढला तर सहज निघाला, म्हणजे क्वार्टझाइटसारखा कठीण दगड नाही. मग त्या ओरखड्याच्या पांढऱ्या भुकटीवर थेंब टाकला तर बारीक बारीक बुडबुडे, तेही सावकाश. डोलोमाइट ना, म्हणजे मॅग्नेशियमवाला कार्बोनेट?

दगडधोंडे

डोलोमाइटच. परीक्षा अगदी पद्धतशीर केलीत.

फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोमियो यांनाही १७९१ च्या सुमारास नेमकं हेच खटकलं होतं, दिसायला चुनखडी पण आम्लात जेमतेम फसफसणारी. पुढच्या वर्षी स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी नमुन्याचं पृथक्करण करून त्यांच्या नावावरून दगडाचं नाव ठेवलं, आणि पुढे इटलीतल्या त्या पर्वतांनाही डोलोमाइट्स म्हणायला लागले. एरवी पर्वतावरून दगडाचं नाव पडतं, इथे उलटं. (अवांतर: हे दोलोमियो नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवरून परतताना पकडले गेले आणि मेसिनाच्या तुरुंगात २१ महिने काढले. तिथेही त्यांचं खनिजांवरचं लिखाण चालूच होतं. सुटले आणि १८०१ मध्ये वारले.)

डोलोमाइटमध्ये कॅल्शियमचा एक थर, मॅग्नेशियमचा एक थर, अशी आलटून पालटून रचना असते, मध्ये कार्बोनेट. कॅल्साइटपेक्षा किंचित कठीण आणि जड. बहुतेक डोलोमाइट मुळात चुनखडीच असते, नंतर मॅग्नेशियमवालं पाणी तिच्यातून फिरलं आणि अदलाबदल झाली. अणूला अणू बदलला तर नवा स्फटिक १२-१३ टक्के कमी जागा घेतो, म्हणून पुष्कळ डोलोमाइट सच्छिद्र असतात आणि खनिज तेल त्यात साठलेलं सापडतं.

शर्वरी_प

मग आज समुद्रात डोलोमाइट तयार होतंय का? मॅग्नेशियम तर समुद्रात भरपूर असणार.

दगडधोंडे

शर्वरीताई, इथेच दोनशे वर्षांचं कोडं आहे, त्याला डोलोमाइटचा प्रश्न असंच म्हणतात. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे सुमारे पाच आयन आहेत, हिशेबाने डोलोमाइट बनायलाच हवं, पण उघड्या समुद्रात ते जवळजवळ बनतच नाही. जुन्या खडकांत मात्र अख्खे पर्वत. लिंटन लँड या शास्त्रज्ञांनी २५ अंशांवर, हवं त्याच्या हजारपट संपृक्त द्रावण तब्बल ३२ वर्षं ठेवलं. डोलोमाइटचा कणही पडला नाही. १९९८ मध्ये त्यांनी हे छापलं. ३२ वर्षं वाट बघून 'झालं नाही' असं सरळ लिहून टाकणारा माणूस, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

अडचण अशी की मॅग्नेशियमचा आयन पाण्याचे रेणू घट्ट धरून बसतो, आणि वाढत्या स्फटिकावर कॅल्शियम-मॅग्नेशियम कसेही येऊन चिकटतात, चुकीच्या जागी. विटा चुकीच्या लागल्या की पुढची ओळ चढत नाही. २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांच्या गटाने दाखवलं की उपाय सतत वाढवण्यात नाही, मधूनमधून विरघळवण्यात आहे. चुकीच्या जागचे अणू सैल बसलेले असतात, ते आधी सुटतात, मग पुढच्या वेळी बरोबर जागा भरायची संधी मिळते. त्यांनी डोलोमाइटच्या इवल्या स्फटिकावर द्रावणात असताना इलेक्ट्रॉनचा झोत दोन तासांत ४००० वेळा चालू-बंद केला, दर झोताला थोडं विरघळलं, आणि स्फटिक सुमारे ३०० थरांनी वाढला. त्याआधी प्रयोगशाळेत पाच थरांपुढे कुणी गेलं नव्हतं.

निसर्गात अशी चढउतार कुठे मिळते? जिथे भरती-ओहोटी आहे, पाणी आटतं नि पाऊस येऊन पुन्हा पातळ होतं अशा ठिकाणी, आणि आजचं थोडंफार डोलोमाइट सापडतं तेही अशाच जागी, अबुधाबीच्या किनाऱ्यावरच्या खारट सपाटीत वगैरे. ब्राझीलच्या लागोआ वर्मेल्यात तर सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याला हातभार लावतात. सगळं कोडं सुटलं असं मी म्हणणार नाही, पर्वताएवढ्या डोलोमाइटमधून एवढं पाणी फिरवलं कुणी हा भाग आहेच.

अनुजा_खिडकी

मी इमारतींच्या बाहेरच्या आवरणाच्या कामात आहे, म्हणून संगमरवराबद्दल एक भर घालते. शिकागोमधल्या एका उंच इमारतीला (आता एऑन सेंटर म्हणतात) १९७० च्या दशकात काराराच्या संगमरवराच्या सुमारे ४३ हजार पातळ लाद्या लावल्या होत्या. काही वर्षांत त्या बशीसारख्या वाकायला लागल्या, शेवटी १९९० ते १९९२ मध्ये सगळ्या काढून ग्रॅनाइट बसवला. आम्हाला शिकवताना हे उदाहरण हमखास येतं, पण आतून काय होतं ते कुणी नीट समजावलं नाही.

दगडधोंडे

अनुजाताई, फार चांगली भर. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेला फुगतो आणि तिच्या काटकोनात किंचित आकसतो. संगमरवरात शेजारचे दोन दाणे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे ऊन आलं की एक ढकलतो, दुसरा ओढतो आणि दाण्यांमधली सांध दर वेळी केसभर सैल होते. गार झाल्यावर दाणे पूर्ण जागेवर येत नाहीत. काराराचे दाणे बरेचसे सरळ कडांचे आहेत, एकमेकांत फारसे न गुंतलेले, म्हणून तिथे हे जास्त होतं. ज्या संगमरवरात दाण्यांच्या कडा वाकड्यातिकड्या आणि गुंतलेल्या असतात तो बराच तग धरतो. जाड ठोकळ्यात हे लक्षातही येत नाही, तीन-चार सेंटिमीटरच्या लादीत दिसतं.

अनुजा_खिडकी

म्हणजे नुसती ताकद बघून उपयोग नाही, दाण्यांच्या कडाही बघायला हव्यात. हे आमच्या टीमला दाखवते. मनापासून धन्यवाद.

मृण्मयी_स

आले! पट्टी आणि भिंग दोन्ही नेलं होतं, सुरक्षारक्षक काकांना सगळं समजावून सांगितलं तर तेही शेजारी उकिडवे बसून बघायला लागले.

दातेरी रेघ: सगळ्यात उंच दात १.५ सेंटिमीटर. रेघ पायरीच्या रुंदीत, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, सलग जाते.

वेटोळं: पडदे मोजले, स्पष्ट दिसणारे १९. शिवाय वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेला लागून एक बारीक नळीसारखी रेघ सगळ्या कप्प्यांतून जाते.

दाणे: भिंगातून चमचम नाही दिसली, मेणासारखा सलग रंग, मधे मधे बारीक गोल आणि तुटके तुकडे.

अजून एक विचित्र गोष्ट. कप्प्यांमध्ये पांढरा काचेसारखा दगड भरलाय, पण चार-पाच कप्प्यांत एका बाजूला पिवळट आणि दुसऱ्या बाजूला पांढरा असे दोन भाग आहेत, मधे सरळ रेघ. असं का?

दगडधोंडे

ताई, घाईघाईत वाचलं आणि परत वाचलं.

नळी बाहेरच्या कडेने जाते म्हणजे अमोनाइट, कप्पेदार शंखाचा एक नामशेष समुद्री प्राणी. त्याच्यासारखाच शंख असलेल्या, आजही जिवंत असलेल्या नॉटिलसमध्ये ती कप्प्यांच्या मधोमध असते. अमोनाइट ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, म्हणजे तुमची पायरी त्याच्या आधीची, हे नक्की. रेघेपाशी दीड सेंटिमीटर दगड तरी विरघळून गेलाय.

आणि ते दोन भाग! प्राणी मेला, शंख तळाशी पडला, काही कप्प्यांना भोक पडून थोडा चिखल आत शिरला आणि जसा पेल्यात गाळ बसतो तसा खाली बसला. वरची मोकळी जागा पुढे पाण्यातून जमलेल्या पांढऱ्या कॅल्साइटने भरली. ती सरळ रेघ म्हणजे तेव्हाची आडवी पातळी, गवंड्याच्या पाणसळीसारखी. पिवळट बाजू समुद्राच्या तळाकडे, पांढरी बाजू वर. उद्या एवढं बघा की सगळ्या कप्प्यांतल्या त्या रेघा एकमेकींना समांतर आहेत का, आणि दातेरी रेघेलाही समांतर आहेत का.

केदारनाना

मी उद्या सकाळी सगळ्यात आधी हा धागा उघडणार.

मृण्मयी_स

समांतर आहेत! पाचही. आणि दातेरी रेघ पण त्याच दिशेला, एखाद-दोन अंश इकडेतिकडे असेल. पांढरी बाजू सगळ्या कप्प्यांत जिन्याच्या भिंतीकडे आहे, पिवळी कठड्याकडे. काकांनी विचारलं, म्हणजे पाणी कुठल्या बाजूला होतं? मी भिंतीकडे हात दाखवला. मग आम्ही दोघांनी वरच्या पायऱ्या बघितल्या, पुढच्या तीन पायऱ्यांत रेघ तशीच रुंदीत जाते, पण चौथीत ती नव्वद अंशांत वळलेली आहे, तिथे शिंपल्याचा एक कप्पा आहे त्यात पांढरं वरच्या मजल्याकडे. ती लादी फिरवून बसवलेली दिसतेय.